देवीच्या रूपातलं तांबं

कोकमाची सोलं उकळल्याचा वास आला, की माझ्या डोळ्यांसमोर तळहाताएवढा एक सोन्याचा मुखवटा येतो. चोरीचा तपास आणि कोकम यांचा संबंध काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, पुढे फौजदार झालो, तरी मोठ्या इमारतीत शिरताना किंवा जास्त शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारताना मी बिचकायचो. नोकरी संपेपर्यंत ते पुरतं गेलं नाही. म्हणून ही हकीकत जशी घडली तशी साधी सांगतो. गावाचं आणि कुणाचंही नाव घेत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या आतल्या अंगाला असलेलं ते गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. शिमगा तोंडावर आला होता. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची रूपं, म्हणजे धातूचे मुखवटे, पालखीत बसवतात आणि पालखी घरोघर फिरते. बंदोबस्ताचं नियोजन चाललेलं असताना ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने ऐकून घेतलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

पलीकडे त्या गावचा, मुंबईत नोकरी करणारा एक माणूस होता.

"साहेब, आमच्या देवीचं सोनं गेलंय. गाववाले आपसात मिटवतील. तुम्ही लक्ष घाला."

"कशावरून म्हणता?"

"गावकरांना विचारा. मशीनवर लावलंय त्यांनी."

गावकर म्हणजे गावचा पहिला मानकरी. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. सत्तरीच्या पुढचे, ताठ बसणारे गृहस्थ. देवीचं रूप त्यांच्या पूर्वजांनी आपल्या घरच्या सोन्याचं करून दिलं, हे त्यांनी मला पाणी देण्याआधी सांगितलं. यंदा मुंबईच्या चाकरमान्यांनी मोठं नवं रूप करायचं ठरवलं. जुन्यात भर घालायची म्हणून ते रत्नागिरीत एका पेढीवर नेलं. पेढीवाल्याने कॅरेट मोजायच्या यंत्राखाली धरलं. कपाळावर चांगलं सोनं दाखवलं. नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर यंत्राने निम्म्याहून कमी सोनं दाखवलं.

"म्हणजे कुणीतरी खाल्लं," गावकर म्हणाले. "आणि रूप दरवर्षी एकाच माणसाच्या हातात जातं."

तो माणूस म्हणजे गावातले सोनारकाका. शिमग्याआधी रूप उजळून द्यायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. त्याची मजुरी नसे. त्याबदल्यात एक मान होता. देवळातून निघालेली पालखी पहिल्यांदा सोनाराच्या दारात थांबायची. मग इतरांच्या.

"यंदा थांबणार नाही," गावकर म्हणाले. "गावकीत ठरलंय. पालखी त्यांच्या दारावरून सरळ पुढे जाणार."

बाहेरच्या माणसाला ही शिक्षा छोटी वाटेल. मी कोकणातलाच, मला ती छोटी वाटली नाही. ज्याच्या दारावरून पालखी सरळ पुढे गेली, त्याच्या घरात पुढे सोयरीक करायलाही माणसं कचरतात.

देवस्थानने लेखी फिर्याद दिली. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला आणि तपास मी स्वतःकडे ठेवला. रूप मुद्देमाल म्हणून ताब्यात घ्यायचं होतं. गुरव म्हणाला, कौल घेतल्याशिवाय रूप बाहेर जाणार नाही. त्याने देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या, आम्ही सगळे उभे राहिलो, आणि उजवी कळी खाली पडल्यावर परवानगी मिळाली. पंचनाम्यात कौल लिहिता येत नाही. मी "देवस्थानच्या संमतीने" असं लिहिलं.

देवळाच्या कोपऱ्यात एक काशाची परात होती. तिच्यात हिरवट पडलेल्या तांब्याच्या तारा, पितळी कडीचा तुकडा, काशाच्या वाटीची किनार, चांदीच्या पैंजणाची दोन घुंगरं, असलं काहीबाही पडलेलं होतं.

"हे काय?" मी गुरवाला विचारलं.

"पालखीला रूपं लागतात त्या दिशी घरटी एक तुकडा टाकतात साहेब. खालच्या वाडीचं तांबं, सुतारवाडीचं कासं, असं ज्याचं त्याचं ठरलेलं हाय. वर्षानं खाडीत सोडायचं."

"आणि गावकरांचं?"

"ते सोन्याचा मणी टाकतात," गुरव हळूच म्हणाला, "आणि लगेच उचलतात."

माझ्या हवालदाराला हसू आवरेना.

"हे सगळं कशासाठी?"

"पद्धत हाय. कशासाठी ते काय ठाऊक नाय."

पंचनाम्यात जागेचं वर्णन करावं लागतं. मी लिहिलं, "एका परातीत भंगार धातूचे तुकडे." आणि पुढे गेलो.

सोनारकाकांच्या घराची झडती घेतली. पडवीत शेगडी, फुंकणी, चिमटे, लाखेचे गोळे, आणि एक तांब्याचं पातेलं. पातेल्यात लालभडक आंबट पाणी होतं. वासावरूनच कोकम ओळखू आलं.

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, ह्यात सोनं विरघळवत असंल म्हातारा."

"कोकमाच्या पाण्यात सोनं विरघळत नाही हो."

"पण रंग बघा की. तो कोकमाचा का सोन्याचा, कोण सांगणार?"

"कॉलेजात शिकलोय मी," मी म्हणालो. पण रूप उजळायला रिठ्याचं पाणी पुरतं, हा माणूस कोकम का उकळतो, हे मलाही कळत नव्हतं. नमुना बाटलीत घेऊन सील केला.

चौकशीला त्यांना ठाण्यात बोलावलं. धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या. म्हणजे रात्री परत सोडणार नाहीत अशी तयारी करूनच ते आले होते. मी चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काका, रूप उजळताना तुम्ही काय काय करता?"

"निखाऱ्यावर धरतो. काळवंडलं की सोलांच्या कढत पाण्यात सोडतो, मीठ घालून. मग रिठ्यानं धुतो. बापसानं शिकवलं तसं."

"नाकावर खाली लालसर दिसतं. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी खाली बघत मान हलवली.

"कधीपासून?"

"पैल्यांदा हातात घेतलं तवापासून."

"म्हणजे तुमच्या आधी ते काम करायचे..."

"बापूस," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले.

त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. चोर खूप बोलतो, असा माझा अनुभव. तो वेळ सांगतो, साक्षीदार सांगतो, विचारलं नाही तेही सांगतो. हे गृहस्थ एका शब्दावर थांबले होते. मी हवालदाराला बाहेर पाठवलं, पंखा जरा कमी केला आणि नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते बोलले.

"साहेब, माझ्या नावावर लिवा."

"काय लिहू?"

"मीच काढलं सोनं. काय लिवायचं ते लिवा, मी सही करतो. मेलेल्या माणसाचं नाव कागदावर नको."

तेव्हा मला उलगडा झाला. या माणसाने तरुणपणी रूपाच्या सोन्याखाली तांबं बघितलं आणि आपल्या वडिलांनी देवीचं सोनं काढून घेतलं असं मनात धरलं. उभा जन्म तो ते झाकत आला. कोकमात बुडवलं की वर पुन्हा सोन्याची कळा यायची, म्हणून दरवर्षी मन लावून बुडवायचा.

हवालदाराचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, बापसानं खाल्लं, हा कबूल करतोय. शिमग्याच्या आत प्रकरण निकाली."

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे एक झालं. दुसरं म्हणजे चोरी झाली हेच अजून सिद्ध झालेलं नव्हतं. पेढीवरचं यंत्र फक्त वरची कातडी बघतं. आत काय आहे ते कुणी बघितलं होतं? मी वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, मुंबईला टांकसाळीत सोन्याचं परीक्षण होतं, पत्र देतो, स्वतः घेऊन जा. तोपर्यंत अटक करायची नाही, हे मी त्यांच्याकडून मान्य करून घेतलं. रूपामागे बारीक छिद्रं पाडावी लागणार होती, म्हणून गुरवाने पुन्हा कौल घेतला. कळी पडायला वेळ लागला. गावकर म्हणाले, "देवी विचारात पडली." पण कळी पडली, आणि उजवीच पडली.

टांकसाळ हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. ती इंग्रजांच्या काळापासून आहे हे ऐकून होतो, आणि का कोण जाणे, ती आता नुसती बघायला ठेवली असेल असं माझ्या डोक्यात होतं. खांबांच्या त्या जुन्या इमारतीसमोर उभा राहिलो तर जमीन किंचित हादरत होती. आत यंत्रं चालू होती.

दारावर आम्हाला खिशातली सगळी नाणी बाहेर ठेवायला सांगितली. हवालदाराला ते फार मजेचं वाटलं.

"जिथं नाणी पाडतात तिथंच नाणी न्यायची नाहीत?"

"म्हणूनच नाहीत," पहारेकरी म्हणाला. "बाहेर जाताना तुमच्या खिशातलं तुमचं का आमचं, कसं ओळखायचं?"

मग मी चौकटीखालून गेलो आणि ती वाजली. गणवेशाची पितळी बटणं. पहारेकऱ्याने एकेक बटण मोजून लिहून घेतलं. मी म्हणालो, मी पोलीस अधिकारी आहे. तो अदबीने म्हणाला, "साहेब, आमच्या मोठ्या साहेबांचीही मोजतो." आयुष्यभर इतरांच्या झडत्या घेतल्या, माझी झडती इतकी नीट कुणी घेतली नव्हती. मला त्याचा राग आला नाही, उलट काही गोष्टी शिकून घ्याव्या वाटल्या.

परीक्षण विभागात एक बाई प्रमुख होत्या. मी इंग्रजीत बोलायची वाक्यं मनात जुळवून गेलो होतो. त्यांनी मुखवट्याचं सील तपासलं, तो हातात घेतला आणि मराठीतच विचारलं, "देवीला घेऊन आलात? मग आम्ही चपला बाहेर काढायच्या का?"

मी गोंधळून "नको नको" म्हणालो. त्या हसल्या, पण रूप त्यांनी दोन्ही हातांनीच ठेवलं.

रूपाच्या मागच्या बाजूने तीन ठिकाणी अगदी बारीक छिद्रं पाडली. निघालेला कीस ब्रशने कागदावर घेतला. "आता शिंकू नका," बाई म्हणाल्या. हवालदाराने नाक धरून ठेवलं. थोडा कीस यंत्रात गेला. थोडा शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून एका पांढऱ्या, सच्छिद्र वाटीत ठेवला आणि वाटी भट्टीत सरकवली.

"वाटी शिसं पिऊन टाकते," त्यांनी सांगितलं. "शिशाबरोबर तांबं, कथील, जे हलकं ते सगळं पिते. सोनं आणि चांदी मात्र पीत नाही. मग आम्लात चांदी जाते आणि सोनं उरतं. ते तोलायचं."

मी कॉलेजात हे पाठ केलं होतं. समोर घडताना पहिल्यांदा बघितलं. वाटी बाहेर काढली तेव्हा तळाशी मोहरीएवढा एक चकचकीत मणी होता.

तोल होईपर्यंत त्यांनी आम्हाला आत फिरवलं. वितळलेलं सोनं पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात ते बघितलं. ओतताना आवाज असा येतो जसा तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं. जमिनीवर जाळ्या होत्या. मी विचारलं, या कशाला? कामगारांच्या बुटांना लागलेला कण जाळीत पडावा म्हणून. केर टाकत नाहीत, जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. जुने हातमोजे, फडकी, झाडूसुद्धा जाळतात. धुराड्यातली काजळीही खरवडतात. मी विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. माझं बिचकणं कुठे गेलं ते मला कळलं नाही. पलीकडे एक प्रेस चालू होता. कोरी चकती आत जायची, एक दणका, आणि चकतीवर चेहरा. एका देवस्थानात वाहिलेले दागिने वितळवून त्याची ही पदकं होताहेत, असं बाई म्हणाल्या.

"म्हणजे यात कुणाची बांगडी, कुणाची नथ..." मी म्हणालो.

"एकदा ओतलं की कुणाची काय ते सोनं सांगत नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही परत खोलीत आलो तेव्हा निकाल तयार होता. तिन्ही जागी आतला धातू एकच होता, अगदी सारखा. म्हणजे कुठूनही काढून घेतलेलं नाही, कुठेही भरलेलं नाही. सगळं रूप एका ओतात झालेलं. आत सोनं होतं, पण निम्म्याहून कमी.

"मग वर कपाळावर चांगलं सोनं कसं?"

"तापवून आंबटात बुडवलं की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि सोनं राहतं. नाक, गाल वर आलेले, तिथे घासून तो थर झिजतो. पूर्वी नाण्यांनाही असं करायचे. तुमच्याकडे कुणी कोकम वापरतं का?"

मी हवालदाराकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

एक शंका उरली होती आणि ती मला विचारणं भाग होतं. सोनाराच्या वडिलांनी मूळ रूप वितळवून, त्यात भेसळ करून दुसरं ओतलं असेल तर?

बाईंनी निकाल पुन्हा वाचला. "चोर भेसळ करतो ती बघून करतो. तांबं घालतो, फार तर चांदी. यात तांबं आहे, चांदी आहे, जस्त आहे, म्हणजे पितळ आलं. कथीलही आहे, म्हणजे कासं आलं. कथील घातलं तर सोनं ठिसूळ होतं. कुठलाही सोनार आपणहून ते घालणार नाही. हे तर कुणी घराघरातून मिळेल ते गोळा करून एका मुशीत टाकावं तसं दिसतंय."

तांबं, पितळ, कासं, चांदी. मी बोटांवर मोजायला लागलो. मग हवालदारच म्हणाला, "साहेब, ती परात."

देवळात बैठक बसली. गावकर, मानकरी, वाड्यावाड्यांतली माणसं, आणि एका खांबाआड सोनारकाका. मी अहवाल सावकाश वाचला, शब्द सोपे करून सांगितले, आणि गुरवाला परात मध्ये आणायला सांगितली.

"तुम्ही दरवर्षी हे टाकता ते कशासाठी, मला गुरवाने सांगितलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं," मी म्हणालो. "पण जे परातीत आहे, तेच रूपात आहे."

गावकरांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे आमची देवी भंगाराची?"

खालच्या वाडीतली एक म्हातारी मागे बसली होती. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "भंगाराची कशी, गावकरांनू? तुमच्यासंगती आमची पण हाय, असं म्हणा की."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गावकर हसले नाहीत. ते परातीकडे बघत होते. "आमचे वडील सांगायचे," ते शेवटी म्हणाले, "त्यांच्या आज्यालाही ही परात अशीच ठाऊक होती." म्हणजे सोनाराच्या बापाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासूनची ती होती. हे आपण आपल्याच तोंडाने बोललो, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते उठून खांबाजवळ गेले आणि सोनारकाकांना म्हणाले, "रूप उजळायला घे. दिवस थोडे राहिलेत."

सोनारकाका माझ्याकडे आले.

"साहेब, एकाच ओतातलं? पक्कं?"

"पक्कं."

"बापूस लय हळू घासायचा वो," ते म्हणाले. "फुलासारखं धरायचा. मला वाटायचं, भीतीनं घासतोय."

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात "क" समरीचा अहवाल पाठवला आणि मुद्देमाल देवस्थानला परत दिला. नवं मोठं रूप करायचं चाकरमान्यांनी सोडून दिलं. शिमग्याला मी बंदोबस्ताला होतो. ढोल देवळातून निघाले, पालखी वळणावर आली आणि सोनाराच्या दारात थांबली. भोई तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ नाचले, इतका की मागच्या घरची माणसं कुरकुरायला लागली. सोनारकाका ओटीवर उभे होते. त्यांनी पालखीला हात जोडले आणि मग मान वळवून ओटीवरच्या भिंतीकडे, वडिलांच्या तसबिरीकडे बघितलं.

या तपासाने मला काय शिकवलं, ते नीट मांडता येईल की नाही शंका आहे. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो हे खरं. पण तो स्वतःचं लपवतो की दुसऱ्याचं, आणि जे लपवतो ते खरोखर घडलं आहे का, हे त्यालाही ठाऊक नसू शकतं. आणि ज्या पद्धतीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तिच्यासाठी मी पुढे कधी पंचनाम्यात "भंगार" हा शब्द लिहिला नाही. जे दिसलं ते एकेक करून लिहिलं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच शिमग्याला त्या गावाने बोलावलं. आता बंदोबस्त नव्हता, साध्या कपड्यांत गेलो. रूपं लागायच्या आधी परात फिरत होती. गुरव माझ्यासमोर थांबला आणि खोडकरपणे म्हणाला, "साहेब, तुमचं काय?"

मी खिशात हात घातला. टांकसाळीच्या दारात मोजून लिहून घेतलेल्या गणवेशाच्या बटणांतलं एक पितळी बटण होतं. मी ते परातीत टाकलं आणि उचललं नाही.